मदत हवी आहे: ट्रॉलीच्या हबमध्ये कॉटर पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळत नाही

उसाच्या ट्रॉलीच्या एका चाकाला दोन्ही टेपर रोलर बेअरिंग कपासकट (बाहेरच्या रिंगसकट) नवीन टाकली. हब (चाकाचा मधला भाग) फिरवत नट आवळला, मग हब मोकळा फिरेपर्यंत मागे घेतला. तिथे ॲक्सलचं भोक (नट सुटू नये म्हणून यातून कॉटर पिन घालतात) बरोबर नटाच्या दोन खाचांच्या मध्ये येतं. पुढच्या खाचेपर्यंत आवळलं की हब जड फिरतो. मागच्या खाचेवर आणलं की चाक वर-खाली हलवताना प्ले (सैलपणा) हाताला लागतो.

नट सहा खाचांचा, आट्यांची पिच 2 मिमी (एका फेऱ्यात नट इतका सरकतो), म्हणजे एका खाचेला साधारण 0.33 मिमी फरक. पिन 5 मिमी, नवी. कप नीट बसलेत, पाहिलं. वॉशर उलटा करून आणि दुसऱ्या ट्रॉलीचा नट लावूनही पाहिला. भोक तरी मध्येच.

बारीक पिन, खिळा, तार सुचवू नका, प्लेमध्ये झिजून तुटतात. हबच्या टोपीत जागा कमी, पिनेचे पाय नटाला चिकटूनच वळवावे लागतात.

आता वॉशर घासून 0.15 मिमी पातळ करू, की ॲक्सलला 90 अंशात दुसरं भोक पाडू? त्याने दर 30 अंशांवर खाच मिळेल, पण आट्यांचं टोक कमजोर होईल का?