मदत हवी आहे: दोन विमानांच्या मधल्या वेळात आईचं जेवण

पुढच्या महिन्यात आईसोबत प्रवास आहे. पहिलं विमान उतरल्यावर दुसरं सुटेपर्यंत 1 तास 50 मिनिटं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, बॅगा थेट पुढे जातात, पण मध्ये पुन्हा सिक्युरिटी आहे. विमान सुटण्याच्या 20 मिनिटं आधी गेट बंद होतं. म्हणजे उतरणं, चालणं, रांग वजा केली तर हातात जेमतेम अर्धा तास.

आईला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेते. त्यामुळे 'विमानात बघू काहीतरी' हा पर्याय बाद. इंजेक्शन घेतलं आणि ताट आलंच नाही, तर साखर खाली जाते. मागच्या वेळी काउंटरवर ऑर्डर दिली, पावती हातात, आणि गेटवर शेवटची घोषणा! खाणं तिथेच सोडून पळालो. तेव्हापासून तिला इंजेक्शन ताट समोर आल्यावरच घ्यायला लावते.

डबा न्यायचा विचार आहे. कोरडं खाणं चालतं, पण सूप, दही, जॅम असलं सगळं 100 मिलीच्या द्रव नियमात अडकतं हे माहीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ग्लुकोजच्या गोळ्या सोबत असतीलच. व्हीलचेअर सांगितली आहे, पण ढकलणारा माणूस खाण्यासाठी थांबतो का, कळत नाही.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना विचारते: सिक्युरिटीच्या आधीच खाऊन घ्यावं, की आधी गेट गाठून तिथे बसून डबा उघडावा?