टॉन्सिल काढल्यावर 5 दिवसांचं अँटिबायोटिक: द्यावं की नाही?

म्हापसा, ईएनटी सर्जन
टॉन्सिल काढलेल्या मुलाला घरी सोडताना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हे अँटिबायोटिक लिहून देणं थांबवा. अमेरिकेतल्या ईएनटी अकादमीने 2011 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये याविरुद्ध ठाम शिफारस केली आहे. त्याने दुखणं कमी होत नाही, नंतरचा रक्तस्राव टळत नाही. जुलाब मात्र लागतात आणि आधीच न पिणारं पोर आणखी सुकतं. घशातला पांढरा थर पू नव्हे, भरत्या जखमेची खपली आहे. ती पाहून आईवडील घाबरतात आणि आपण बाटली लिहितो.

वाळपई, जनरल प्रॅक्टिशनर
डॉक्टर, ती खपली 5 ते 10 दिवसांत सुटते आणि रक्त येतं तेव्हाच. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून पावसातल्या रात्री बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठणं सोपं नाही. अँटिबायोटिकच्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा ताप थोडा कमी झालेला दिसला, तेही सांगा. आणि नाकाच्या ऑपरेशननंतर नाकात पॅक, म्हणजे रक्त थांबवायला भरलेली पट्टी, असेल तर? टॉक्सिक शॉक, म्हणजे जंतूंच्या विषाने रक्तदाब कोसळणं, क्वचित होतो, पण झाला तर जीवावर बेततो.

म्हापसा, ईएनटी सर्जन
तापाचं खरं आहे. पण रस्ता लांब आहे त्याला बाटली काय करणार? पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी, पहिले काही दिवस झोपेतून उठवूनसुद्धा द्या. सोबत पातळ पेज, पाणी. दुखतं म्हणून मूल गिळत नाही, आणि न गिळल्याने घसा कोरडा पडून जास्त दुखतं. ताजं लाल रक्त चमचाभर दिसलं तरी लगेच निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

मडगाव, भूलतज्ज्ञ
अँटिबायोटिक लागतं तिथे आपण वेळ चुकवतो. स्वरयंत्र काढताना सेफाझोलिन 2 ग्रॅम आणि मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम छेदाआधीच्या तासाभरात जायला हवं. 4 तासांनी सेफाझोलिन पुन्हा. 24 तासांत बंद. प्रत्यक्षात डोस वॉर्डात सकाळी 6 ला टोचला जातो, केस 11 ला लागते आणि भरपाई म्हणून आठवडाभर गोळ्या! ‘पेनिसिलिन सोसत नाही’ एवढ्यावर या दोन्हींऐवजी एकटं क्लिंडामायसिन देणं तर घातकच. ग्राम-निगेटिव्ह नावाच्या गटातले जंतू त्याला जुमानत नाहीत, मानेची जखम चिघळते.

वाळपई, जनरल प्रॅक्टिशनर
वेळेचं पटलं. पॅकचं उत्तर राहिलं.

म्हापसा, ईएनटी सर्जन
गोळ्यांनी तो शॉक टळतो हे सिद्ध झालेलं नाही. पॅक 24 ते 48 तासांत काढा. सेप्टमला, म्हणजे नाकातल्या मधल्या पडद्याला, आरपार टाके घेतले तर बहुतेकदा पॅक लागतच नाही. जोराचा ताप, अंगावर लाली, रक्तदाब खाली, असं दिसलं तर आधी पॅक बाहेर.

वाळपई, जनरल प्रॅक्टिशनर
मग डिस्चार्ज कार्डावर पॅक घातल्याची तारीख आणि वेळ लिहून पाठवा. 48 तास उलटून गेलेले दिसले, तर पॅक काढेन आणि गोळ्याही सुरू करेन.