सत्तेचाळिसाव्या वर्षी सोलापुरात घर विकत घ्यावे की भाड्यानेच राहावे?

प्रश्न

माझे वय ४७ आहे. मी सोलापुरातील एका खासगी कारखान्यात लेखापाल असून ५८ व्या वर्षी निवृत्त होईन. पत्नी घरी शालेय गणवेश शिवण्याचे काम घेते आणि दोघांचे मिळून महिन्याला सुमारे ६८,००० रुपये घरात येतात. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा नववीत आहे आणि ७४ वर्षांची आई आमच्याजवळ असते.

लग्नानंतरच्या एकवीस वर्षांत आम्ही पाच घरे बदलली. सध्या विजापूर रोडला ९,५०० रुपये भाड्याने राहतो. घरमालक सज्जन आहेत, परंतु त्यांचा मुलगा पुण्याहून परत येणार असल्याने त्यांनी दिवाळीपर्यंत जागा मोकळी करून मागितली आहे. वडील गिरणी कामगार होते आणि त्यांचे सारे आयुष्य चाळीच्या एका खोलीत गेले. त्यामुळे या वेळी देव्हारा बांधायला काढताना आईने "आता हे शेवटचंच ना रे?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा एक फ्लॅट पाहिला आहे. त्याची किंमत ३६ लाख रुपये असून आमची बचत १४ लाखांची आहे. म्हणजे मुद्रांक शुल्क वगैरे धरून सुमारे २४ लाखांचे कर्ज काढावे लागेल. मेहुणे म्हणतात की भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. कार्यालयातील सहकारी म्हणतात की या वयात कर्ज म्हणजे गळ्यातली धोंड. ज्यांनी या वयात असा निर्णय घेतला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड)

मी अनेक वर्षे कर्ज विभागात काम केले आहे, म्हणून आधी आकडे मांडतो. व्याजदर साडेआठ टक्के धरला आणि निवृत्तीपर्यंतच्या ११ वर्षांत २४ लाख फेडायचे ठरवले, तर मासिक हप्ता सुमारे २८,००० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १३ लाख होते. आता भाड्याकडे पाहा. ९,५०० रुपयांचे भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले, तर त्याच ११ वर्षांत तुम्ही १६ लाखांहून अधिक भाडे भराल. म्हणजे भाडे पाण्यात जाते असे म्हणणाऱ्यांनी व्याजही तसेच जाते हे लक्षात घ्यावे, आणि कर्जाला धोंड म्हणणाऱ्यांनी भाडे निवृत्तीनंतरही संपत नाही हे लक्षात घ्यावे. याच हिशेबाने तुमच्या सत्तराव्या वर्षी ते भाडे महिना २९,००० च्या घरात गेलेले असेल.

परंतु माझी खरी चिंता वेगळी आहे. हप्ता जड वाटला की लोक मुदत वाढवून घेतात. कमावत्या मुलाला सहकर्जदार केले की बँकही पुष्कळदा तयार होते. २० वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २१,००० च्या आत येईल आणि सोपा वाटेल. मात्र ११ वर्षांत सुमारे साडेसत्तावीस लाख भरूनही निवृत्तीच्या दिवशी तुमच्या नावावर साडेपंधरा लाखांहून अधिक मुद्दल शिल्लक राहील. ती रक्कम मग भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीतून जाते, आणि माणूस घराचा मालक पण हाताने रिकामा होऊन बसतो. अशी कुटुंबे मी समोर बसलेली पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

त्यामुळे भाडे आणि खरेदी यांच्याआधी रकमेचा निर्णय घ्या. १४ लाखांतील ४ लाख मुलीच्या शुल्कासाठी आणि आईच्या आजारपणासाठी बाजूला ठेवा. कर्ज १४ लाखांवर थांबवले, तर ११ वर्षांचा हप्ता १६,५०० च्या आत राहतो. खर्च वजा जाता यात २२ लाखांच्या आसपासचे घर बसते, म्हणजे तुम्ही पाहिलेल्यापेक्षा लहान किंवा पंधरा-वीस वर्षे जुने. तसे घर मिळाले तर जरूर घ्यावे. ३६ लाखांचे मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक बाब सांगतो. खरेदीखत केवळ महिलेच्या नावे झाले तर राज्यात निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. परंतु तुम्ही मालकांमध्ये नसाल, तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट तुम्हाला घेता येणार नाही. दोन्ही रकमा मांडून पाहा.

उत्तर २ (भाडेकरू, वय ६१, दमाणी नगर)

मी निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते, आणि आम्ही घर घेतले नाही. यजमान असताना भाड्याची कधी अडचण वाटली नाही. हप्त्याचे वाचलेले पैसे दरमहा पीपीएफमध्ये टाकायचे असे आम्ही ठरवले होते आणि पहिली चार वर्षे ते पाळलेही. पुढे लग्नकार्य आणि दवाखाना यांत तो नेम मोडला. भाड्याने राहून फरकाची रक्कम गुंतवावी हा सल्ला कागदावर योग्य आहे, पण तो पाळणारे घर फार काटेकोर असावे लागते.

साठीनंतर घर शोधताना "एकट्याच आहात का? काही झालं तर कोणाला कळवायचं?" असे प्रश्न ऐकावे लागतात. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, तरी उत्तर देताना मन खट्टू होते.

भाड्यानेच राहायचे ठरले, तर अकरा महिन्यांचाच करार करायचा हा केवळ प्रघात आहे हे ध्यानात घ्या. तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करारही करता येतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नुकताच मी तसा करार केला आणि मध्येच जागा सोडावी लागू नये अशी अट त्यात घालून घेतली. तेव्हापासून निश्चिंत झोप लागते.

उत्तर ३ (छोटा व्यावसायिक, शेळगी)

वरील हिशेब पटला. स्वस्तात बसते म्हणून कोणी गुंठ्याचा प्लॉट सुचवेल, तेव्हा सावध राहा. मी ४४ व्या वर्षी हद्दीलगत अर्धा गुंठा जागा घेतली. बिनशेती आदेश (शेतजमीन घरासाठी वापरण्याची परवानगी) नव्हता, प्लॉट पाडल्याचे रेखांकन मंजूर नव्हते, त्यामुळे बँकेने कर्ज नाकारले आणि बांधकाम परवाना मिळेना. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनींचा, २००१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी नियमितीकरणाची वाट खुली झाली. परंतु शुल्क, मोजणी आणि हेलपाटे यांत माझी पाच वर्षे गेली. तिशीत हे सोसते. आपल्या वयात पाच वर्षे म्हणजे कर्जाची निम्मी मुदत.

जुना फ्लॅट पाहताना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मागा, वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या मालकी-व्यवहारांचा शोध अहवाल घ्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीन वाजता तो पाहा. वरच्या मजल्यावरचे छत सोलापूरच्या उन्हात किती तापते, हे संध्याकाळी पाहणाऱ्याला कळत नाही. पाणी उजनीचे असले तरी नळाला काही दिवसांआड येते. म्हणून तळातील हौद किती लिटरचा आहे, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का आणि टँकरचा खर्च कोण देते, हे विक्रेत्याला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. आई ७४ वर्षांच्या आहेत, त्यामुळे लिफ्ट नसेल तर तळमजला किंवा पहिला मजला याच्या वर जाऊ नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. २० वर्षांची मुदत घेतल्यास निवृत्तीच्या दिवशी किती देणे उरेल, हा हिशेब लेखापाल असूनही मी स्वतःसाठी मांडला नव्हता. काल रात्री तो पत्नीसमोर मांडला आणि ३६ लाखांच्या फ्लॅटला आम्ही नकार कळवला.

सैफुलजवळ पहिल्या मजल्यावरचा अठरा वर्षे जुना फ्लॅट २३ लाखांना असल्याचे कळले आहे. रविवारी दुपारी आईला घेऊनच तो पाहायला जाऊ. कागदपत्रे दिवाळीपूर्वी नीट तपासून झाली नाहीत, तर घाईने इसार न देता भाड्याचे घर पाहू आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे तीन वर्षांचा करार करू. एक शंका मात्र उरते: इमारत अठरा वर्षांची असल्यास बँक कर्जाची मुदत कमी करते का, आणि इमारतीच्या मजबुतीचा दाखला आपणच आधी करून घ्यावा का? बँकेतील अनुभवी गृहस्थांनी यावर लिहिल्यास उपकार होतील.