टीबीचा पेशंट गोळ्या मधेच सोडतोय, 'होलिस्टिक बघा' म्हणजे नक्की करायचं काय?

फिल्डवर्कवाली:
एमएसडब्ल्यू (समाजकार्याचं एमए) दुसरं वर्ष, बीड जिल्ह्यात एका दवाखान्यात फिल्डवर्क चालूय. ऊसतोड कामगार आहे एक, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स, दुसऱ्याच महिन्यात गोळ्या बंद. तीनदा समजावलं, हो हो म्हणतो आणि परत तेच. सुपरवायझर मॅडमनी रिपोर्टवर फक्त "क्लायंटकडे होलिस्टिक बघा" लिहून दिलं, म्हणजे आजारासोबत त्याची सगळी परिस्थिती बघा. अहो पण इंटेक फॉर्म तर सगळा भरलाय, कुटुंब, उत्पन्न, व्यसन. दिवाळीनंतर हा कारखान्यावर जाणार, मग काय हाती लागतोय.

जुनी_केसवर्कर:
फॉर्म दवाखान्यात बसून भरलास ना? घरी जा आधी. माझ्या एका पेशंटने गोळ्या सोडल्या कारण लघवी लाल व्हायला लागली, त्याला वाटलं रक्त जातंय. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन औषधाने होते ती, पण कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याला उपाशीपोटी घेऊन मळमळायचं, सकाळी घरात खायलाच काही नसायचं. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याला १००० (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) त्याच्या खात्यात पडतायत का तेही बघ, खातं आधारला जोडलेलं नसलं की अडकतात.

फडावरचा:
आईबाप तोडणीला जायचे म्हणून सांगतो ताई, मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे सीझनआधीचे आगाऊ पैसे, घेतलीय का विचारा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यातला एक पडला की उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या सीझनला अंगावर. मग मुकादमाला आजार कळू नये म्हणून माणूस गोळ्या लपवणार नाहीतर सोडणार, तुम्ही रिपोर्टात लिहिणार पेशंट ऐकत नाही. आणि मदत म्हणून मुकादमाला फोनबिन करू नका हां, त्याचं कामच जाईल.

विदर्भी_भाऊ:
वरचं सगळं बरोबर, पण होलिस्टिकच्या नावाखाली पहिल्याच भेटीत दारू, कर्ज, नवराबायकोचं सगळं उकरत बसू नको. तुला कशाची कटकट सगळ्यात जास्त होते हे त्यालाच विचार अन् तिथून सुरुवात कर. उचल तुझ्याच्यानं फिटणार नाही, ते मान्य कर. पण तो कुठल्या कारखान्यावर जाणार ते आत्ताच विचारून ठेव, निक्षयवर (टीबी पेशंटच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) त्या तालुक्याच्या टीबी युनिटला ट्रान्सफर करता येतं. एकदा फडावर (ऊसतोडीच्या शेतात) गेला की आज इथं उद्या तिथं, सापडत नाही. पोरं मागे राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचं शाळेत विचार.

फिल्डवर्कवाली:
काल जाऊन आले. उचलच आहे, दोघांची मिळून. त्याच्या बायकोनेच ज्वारीच्या कणगीतून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं, मुकादम घरी येतो म्हणून तिथं ठेवलेलं. बोलता बोलता ती सारखी पदर तोंडाला लावून खोकत होती, विचारलं तर म्हणे पोळ्यापासून आहे. फॉर्ममध्ये तिच्या रकान्यात मी 'निरोगी' लिहिलंय, तिला न बघताच. उद्या तिला बेडका तपासायला घेऊन जातेय, पोरांनाही.