मदत हवी आहे : तारांसाठी चार चांगले दात काढायचे का?

लेकीला तेरावं लागलंय. जागाच न उरल्यामुळे वरचे दोन्ही सुळे ओळीबाहेर, हिरडीत उंचावर आलेत आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. कुणी फोटो काढायला लागलं की तिचे ओठ घट्ट मिटतात. तारा लावायच्या हे तिचं तिनेच ठरवलंय, त्यावर वाद नाही. माझं घोडं पुढे अडलंय.

पहिल्या ऑर्थोडॉन्टिस्टांनी (वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर) सगळे एक्स-रे काढले, दातांचे साचे घेतले. प्लास्टरचे जबडे टेबलावर ठेवून त्यांच्या कमानीवरून पितळी तार फिरवली, मग एकेका दाताची रुंदी मोजून बेरीज मांडली. वर ९ मिमी जागा कमी, खाली ७. म्हणून चारही बाजूंची पहिली उपदाढ (सुळ्यामागची छोटी दाढ) काढायची. एकही किडलेली नाही हो! दुसरे डॉक्टर म्हणाले, काढायचं काही कारण नाही, टाळू रुंद करणारं उपकरण बसवू.

घरी येऊन मी गणित केलं. उपदाढ साधारण ७ मिमीची, दोन काढल्या की वर १४ मिमी मोकळे. लागतात ९. उरलेल्या ५ मिमीचं काय, फटी राहणार का? सासूबाईंनी तर 'आत्तापासूनच पोरीच्या तोंडाचं बोळकं करताय' असं जाहीर केलंय.

दोनदा_तारा : माझ्याही चार काढल्या होत्या. फटी राहत नाहीत, पण बुजायला वेळ लागतो, महिन्याला साधारण १ मिमी. तोवर तोंडाला खिडक्या. तार बदलली की तीन-चार दिवस चावताना दुखायचं, एरवी विशेष काही नाही. हिरड्यांपाशी ब्रश नीट फिरवायला मात्र सांगा. माझ्या तारा निघाल्या तेव्हा ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवतात त्या तुकड्यांच्या) भोवती पांढरे चट्टे होते, ते आजही आहेत.

अक्कलदाढ : मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. तोंड न बघता काढा किंवा काढू नका असं सांगणार नाही, पण तुमचं गणित आवडलं. उरलेले ५ मिमी दोन प्रकारे संपतात. सुळे ओळीत आल्यावर पुढचे दात मागे घेतले जातात, आणि त्यांना ओढताना मागच्या दाढाही थोड्या पुढे सरकतात. कोणी किती सरकायचं हे आधी ठरवावं लागतं. दाढा जागच्या हलू द्यायच्या नसतील तर कधी कधी हाडात छोटा स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात. तुमच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: ५ पैकी किती पुढच्यांना, किती दाढांना?

ढोबळमानाने ४ मिमीपर्यंत जागा कमी असेल तर सहसा दात काढत नाहीत, १० च्या पुढे बहुतेकदा काढावेच लागतात. ५ ते ९ मध्ये दोन चांगल्या डॉक्टरांची दोन मतं होतात, कुणी फसवत असतंच असं नाही. तिथे ओठ आणि पुढचे दात किती बाहेर आहेत यावर निर्णय फिरतो. दात आधीच पुढे असतील आणि न काढता सगळे एका ओळीत बसवले, तर ते आणखी पुढे झुकतात.

टाळूबद्दल: वरच्या जबड्याच्या मध्यभागी एक सांधा असतो, तो या वयात उघडता येतो. पण टाळू ६ मिमी रुंद झाली तर कमानीत जागा मिळते ४ च्या आसपास. खालच्या जबड्यातला तसा सांधा पहिल्या वर्षातच जुळून जातो. तेव्हा खालचे ७ मिमी कुठून आणणार, हा प्रश्न दुसऱ्या डॉक्टरांना.

धागाकर्ती : हे कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. एक बाळबोध शंका: दात हाडात रुतलेला असताना सरकतो कसा?

अक्कलदाढ : मूळ आणि हाड यांच्यात तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे नवं भरतं. म्हणून जोर हलकाच ठेवतात. घाईने जास्त ताणलं तर मुळाची टोकं झिजण्याचा धोका वाढतो.

दोनदा_तारा : नाव असं का ते सांगते. तारा काढल्यावर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण) वर्षभर इमानदारीत घातला, मग डबीत गेला. तिशीत खालचे दात पुन्हा वाकडे. लेकीला हे आजच सांगून ठेवा.

धागाकर्ती : सांगितलं. दोन्ही डॉक्टरांसाठी प्रश्नांचा कागदही केलाय. बाईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तारा लावल्यावर बासरी वाजवता येईल ना? कुणाला अनुभव?

दोनदा_तारा : येते! पहिले काही आठवडे फुंक भलतीकडे जाते. ब्रॅकेट ओठाला टोचेल तिथे डॉक्टर देतात ते मेण लावायचं.