भरताच्या वांग्याची रोपे उगवल्यावर कोलमडत आहेत, मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

माझे माहेर जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात आहे. तिकडे भरतासाठी जे मोठे, फिकट हिरवे वांगे पिकवतात, त्याचे घरचे बियाणे आई मला डोंबिवलीला पाठवत असते. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाण आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण आमच्या घरचे बी आजीपासून राखत आणलेले आहे. त्यासाठी फळ झाडावरच पिवळे पडेपर्यंत ठेवतात आणि मग बी धुऊन, राखेत घोळवून सावलीत वाळवतात. यंदा आलेली पुडी लहान आहे आणि त्यातले थोडेच बी शिल्लक आहे, म्हणून ते पेरण्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

उगवणीची तक्रार मुळीच नाही. जूनमध्ये ट्रेमध्ये पेरलेले बी आठवडाभरात उगवले, दोन्ही दले (बियातून निघणारी पहिली दोन पाने) उघडून हिरवीगार झाली आणि पहिले खरे पान डोकावू लागण्याच्या सुमारास रोपे एकामागून एक आडवी होऊ लागली. आडवे झालेले रोप जवळून पाहिले, तर दले अजून तजेलदार असतात, मात्र मातीलगतचा देठ पाणी भरल्यासारखा मऊ आणि तपकिरी होऊन दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसतो. हलके ओढले तरी रोप तिथेच तुटते आणि मुळे मातीतच राहतात. ट्रेच्या एका कोपऱ्यात सुरुवात होऊन मग शेजारची रोपे जातात. कुरतडल्याची खूण कुठेच नाही, त्यामुळे ही कीड नसून पिथियम किंवा रायझोक्टोनियासारख्या बुरशीमुळे होणारी रोपांची मर असावी, असे मला वाटते.

परिस्थिती सांगते. ट्रेमध्ये भरलेल्या मिश्रणात निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असून उरलेल्या भागात गांडूळखत आणि कुंडीतली जुनी, उन्हात वाळवलेली माती आहे. ट्रेला खाली भोके आहेत. बाल्कनी पूर्वेकडची आहे आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून ग्रिलला प्लास्टिक बांधले आहे, त्यामुळे तिथे हवा फारशी खेळत नाही. ट्रेमधील मातीवर हिरवट शेवाळ धरले आहे आणि रोपेही उजेडाकडे झुकून लांबट झाली आहेत. याच बाल्कनीत थेट कुंडीत टोकलेली भेंडी आणि काकडी मात्र उत्तम वाढत आहे. भेंडी-काकडीचे बी मोठे आणि रोप झपाट्याने वाढणारे, तर वांग्याचे रोप सुरुवातीला फार संथ, म्हणून ते नाजूक अवस्थेत अधिक दिवस राहते आणि बुरशीला बळी पडते, हे कारण मला पटते. तरीही माझा खरा संशय जुन्या मातीवर आणि कोंदट हवेवर आहे.

आता मुख्य प्रश्न असा की उरलेले बी पेरताना माती पूर्णपणे वगळून केवळ धुतलेले कोकोपीट आणि थोडे गांडूळखत वापरावे का, की गांडूळखतही खरी पाने येईपर्यंत टाळावे? पाणी वरून शिंपडण्याऐवजी ट्रे थोडा वेळ पाण्यात ठेवून खालून दिले, तर देठालगतचा पृष्ठभाग कोरडा राहील, असा माझा विचार आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा उपाय कोणी करून पाहिला आहे का? दुसरे असे की पाऊस ओसरेपर्यंत थांबून सप्टेंबरअखेर पेरणी केली आणि पाचेक आठवड्यांनी रोपे मोठ्या कुंडीत लावली, तर डोंबिवलीच्या हवेत थंडी संपण्यापूर्वी फळे धरतील का? भरताचा खरा हंगाम हिवाळ्याचाच असल्याने मला हा पर्याय अधिक बरा वाटतो, पण मुंबईच्या आसपास वांगी लावणाऱ्यांचा अनुभव ऐकल्याशिवाय ठरवायचे नाही.

रासायनिक बुरशीनाशक शक्यतो नको आहे, तरी बी वाचवण्यासाठी तेच आवश्यक असेल तर तसे स्पष्ट सांगावे. बीजप्रक्रियेसाठी, म्हणजे पेरण्याआधी बियाला चोळायला, ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी वापरण्याची माझी तयारी आहे. मात्र त्याची शिफारस किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम अशी दिलेली असते आणि माझ्याकडे जेमतेम चिमूटभर बी आहे, तेव्हा प्रमाण कृपया चिमटी-चमच्याच्या मापात कळवावे.