लेप्टोस्पायरोसिस हे नाव आलं कुठून?

कुणगेकर, कुडाळ
लावणी तोंडावर आली की आमच्याकडे आशाताई लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या) गोळ्या घेऊन घरोघर फिरतात. यंदा गोळी हातात घेत आईने विचारलं, "लेप्टो म्हंजे काय रे झिला?" उंदराचं मूत चिखलात मिसळतं, पायाच्या भेगांतून जंतू आत शिरतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिला नावाचा अर्थ हवा होता. नावात उंदीर किंवा शेत कुठे आहे का?

सूक्ष्मदर्शी, रत्नागिरी
दोन्ही नाहीत. ग्रीकमध्ये लेप्टोस म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं आणि शेवटचं ओसिस आजाराच्या नावाला लागतं. नाव जंतूच्या अंगलटीवरून पडलंय. जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतच नाही. लॅबमध्ये डार्क फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलाय: काळ्याभोर पडद्यावर पिळलेल्या चांदीच्या तारेसारखा, टोकं आकड्यासारखी वळलेली, जागच्या जागी गरगर फिरणारा. त्या टोकांवरूनच अमेरिकी संशोधक स्टिमसन यांनी १९०७ मध्ये त्याला 'इंटरॉगन्स' म्हटलं, कारण आकार त्यांना प्रश्नचिन्हासारखा वाटला. पिवळ्या तापाने गेला असं समजलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात त्यांना तो सापडला होता. लेप्टोस्पायरा हे प्रजातीचं (जीनसचं) नाव त्यानंतर जपानी संशोधक नोगुचींनी दिलं.

जुना कंपाउंडर, मालवण
आमचे डॉक्टर केसपेपरवर 'वेल्स डिसीज' लिहीत. अ‍ॅडॉल्फ वेल हे जर्मनीतले, हायडेलबर्गचे. ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा त्रास एकत्र असलेला आजार त्यांनी १८८६ मध्ये नोंदवला. जपानात शेतकरी एका तापाला अकियामी म्हणत, म्हणजे शरदातलं दुखणं. तोही लेप्टोच निघाला.

सूक्ष्मदर्शी, रत्नागिरी
कंपाउंडरकाका, वेल यांचं नाव फक्त कावीळवाल्या गंभीर प्रकाराला लावतात. बहुतेक रुग्णांना कावीळ होतच नाही. म्हणून जंतूवरून पडलेलं नाव मला जास्त पटतं, त्यात सौम्य तापही येतो. आपल्याकडे अजून "डोळे पिवळे नाहीत, मग लेप्टो कसला" म्हणत माणसं घरी बसतात, याचं फार वाईट वाटतं. कुणगेकर, चिखलात उतरल्यावर पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर आईंना त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या आणि शेतात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कुणगेकर, कुडाळ
पोटऱ्यांचं माहीत नव्हतं. लावणीनंतर त्या सगळ्यांच्याच दुखतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आजच वाडीच्या ग्रुपवर टाकतो.